जॅझची कॉर्ड बरोबर पकडली, तरी गिचमिड का वाजते?

हिंदी-मराठी गाणी गिटारवर व्यवस्थित वाजवणारा माणूस जॅझकडे वळला की महिन्याभरात ठरलेली तक्रार घेऊन येतो: "सर, कॉर्ड तर बरोबर पकडतोय, पण जॅझसारखं काही वाजतच नाही." मी शिकवतो आणि शिकवता शिकवता लोकांच्या गिटारींची किरकोळ डागडुजीही करतो, त्यामुळे ही तक्रार दोन्ही वाटांनी माझ्यापर्यंत येते. काही जण गिटारला दोष देतात, काही स्वतःच्या बोटांना. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. गरजेपेक्षा जास्त स्वर वाजत असतात, एवढंच. पण तिथवर पोचण्याआधी सोपी, फुकटातली कारणं बाद केलेली बरी.

आधी लक्षणं बघा

- एकेकटी कॉर्ड बरी लागते, पण डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन अशी ओळीने वाजवली की सगळं एकमेकांत कालवल्यासारखं होतं.
- मेजर सेव्हन ऐकताना काहीतरी चुकलंय असं वाटतं, पण ट्यूनर सगळं हिरवं दाखवतो.
- कॉर्ड बदलताना अर्धा ठोका रिकामा जातो. मेट्रोनोम पुढे, तुम्ही मागे.
- सगळ्या कॉर्ड बार धरून वाजवता आणि दोन-तीन मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ येते.
- कागदावर बी फ्लॅट, ई फ्लॅट दिसले की हात थांबतो.
- नटजवळ (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीजवळ) छान वाजतं आणि बॉडीकडे सरकलं की बेसूर होतं, किंवा याच्या बरोबर उलट.

यातलं शेवटचं लक्षण असेल तर गिटारमध्ये दोष असण्याची शक्यता बरीच. बाकीच्यांचं मूळ हातात, कानात नाहीतर समोरच्या कागदात असतं. खालच्या तपासण्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. मधली गाळून थेट दुरुस्तीवाल्याकडे गेलात तर पैसे जातील आणि तक्रार राहील.

१. सूर

फुकट आणि मिनिटभराचं काम, म्हणून पहिलं. मेजर सेव्हन कॉर्ड सुराच्या बाबतीत भारी चिडखोर असते. सी मेजर सेव्हनमध्ये बी आणि सी हे अगदी शेजारचे दोन स्वर एकाच वेळी वाजतात. एखादी तार किंचित उतरलेली असेल तर साध्या सी मेजरमध्ये ते खपून जातं, इथे लगेच टोचतं. म्हणून "बाकी गाणी तर नीट वाजतात" हा पुरावा धरू नका. प्रत्येक तार आधी थोडी उतरवा आणि चढवत चढवत सुरात आणा, म्हणजे खुंटीतला सैलपणा निघून जातो आणि तार तिथे टिकते.

गाणं शिकलेल्यांना वेगळं सांगतो. तानपुऱ्यावर कान तयार झालेला माणूस एक कॉर्ड छेडतो आणि तिच्यातला गांधार गोड लागेपर्यंत खुंटी पिळत बसतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार फ्रेटवरच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो (एक फ्रेट म्हणजे १०० सेंट). मग ती एक कॉर्ड मधासारखी लागते आणि पुढच्या दोन बिघडतात. कान चांगला आहे म्हणूनच हे होतं. गिटारपुरता ट्यूनरवर विश्वास ठेवा. हार्मोनियमची तडजोड आपण चालवून घेतोच की.

२. तारा आणि ॲम्प्लिफायर

तारेच्या खालच्या बाजूने नख फिरवा. फ्रेटच्या जागी खाच लागली किंवा गंज हाताला आला तर तारा बदला. मुंबईत, कोकणात पावसाळ्यात तारा फार लवकर जातात. झिजलेली तार सगळीकडे सारख्या जाडीची राहत नाही, म्हणून मोकळी सुरात असली तरी सातव्या-आठव्या फ्रेटवर सूर सोडते. नवा सेट काही शे रुपयांत येतो. गिटार बिघडली असं ठरवण्याआधी हा खर्च करून बघा.

इलेक्ट्रिक असेल तर नेकजवळचा पिकअप निवडा, टोनचं बटण अर्ध्यापर्यंत आणा, रिव्हर्ब कमी करा, डिस्टॉर्शन पूर्ण बंद. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाकीतून आणखी स्वर तयार होतात. रॉकमधल्या मूळ स्वर आणि पंचम अशा जोडीला ते मानवतं. मूळ स्वरापासून मोजलेला तिसरा आणि सातवा स्वर एकत्र आले की त्याचाच चिखल होतो.

३. उजवा हात

कॉर्ड पकडा आणि सहावीपासून पहिलीपर्यंत एकेक तार सावकाश छेडा. नको असलेली तार वाजतेय का? आपल्याकडे शिकणारा बहुतेक जण स्ट्रमिंगने सुरुवात करतो आणि सहाच्या सहा तारांवरून हात फिरवायची सवय अंगात मुरलेली असते. जी, सी, डी या मोकळ्या कॉर्डना ते शोभतं. जॅझच्या कॉर्डमध्ये अर्ध्या तारा मुद्दाम गप्प ठेवायच्या असतात, तिथे एक आगंतुक मोकळी ई तार सगळं वाया घालवते.

उपाय: काही दिवस पिक बाजूला ठेवा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनी नेमक्या तीन तारा एकदम चिमटीत धरल्यासारख्या ओढा. एवढ्याने गिचमिड गेली तर दोष सापडला, पुढचं सगळं आज नाही वाचलं तरी चालेल.

४. कागदावरची खूण

जॅझच्या कागदावर खुणांचा गोंधळ असतो. छोटा त्रिकोण म्हणजे मेजर सेव्हन, वजाबाकीची खूण म्हणजे मायनर, तिरपी रेघ मारलेलं शून्य म्हणजे हाफ डिमिनिश्ड, आणि नुसता ७ म्हणजे डॉमिनंट. यातला नुसता ७ लोक हमखास मेजर सेव्हन समजून वाजवतात. मग जी सेव्हनमध्ये एफ ऐवजी एफ शार्प येतो आणि सीकडे जायची ओढच संपते. पडताळा सोपा आहे: मेजर सेव्हनमधला सातवा स्वर मूळ स्वराच्या एक फ्रेट खाली, डॉमिनंट आणि मायनर सेव्हनमधला दोन फ्रेट खाली.

५. चार-पाच स्वर सोडा, तीन घ्या

खरी गोम इथे असते. इंटरनेटवर डी मायनर सेव्हन शोधलं की पाच तारांची बार कॉर्ड मिळते. त्यात डी, पंचम दोनदा, तिसरा, सातवा सगळं. यातला मूळ स्वर बास वाजवणारा वाजवतो. पंचम कॉर्डचा स्वभाव बदलत नाही, मेजरमध्येही तोच आणि मायनरमध्येही तोच. कॉर्ड मेजर की मायनर हे तिसरा स्वर सांगतो. पुढे जायची ओढ आहे की मुक्काम, हे सातवा सांगतो. हे दोन स्वर बाकीच्या गर्दीत दबले की ऐकणाऱ्याला नुसता आवाज ऐकू जातो, चाल कळत नाही.

तीन तारांच्या या कॉर्डना जॅझवाले शेल म्हणतात. आकडे फ्रेटचे, सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेपासून आहेत. × म्हणजे ती तार वाजवायची नाही.

डी मायनर सेव्हन: × ५ ३ ५ × ×
जी सेव्हन: ३ × ३ ४ × ×
सी मेजर सेव्हन: × ३ २ ४ × ×

आता मूळ स्वर सोडून फक्त चौथी आणि तिसरी तार वाजवत तिन्ही कॉर्डमधून जा. पहिल्या कॉर्डमध्ये एफ आणि सी. दुसरीत एफ जागेवर, सी एक फ्रेट उतरून बी. तिसरीत बी जागेवर, एफ एक फ्रेट उतरून ई. दर वेळी एकच स्वर हलतो आणि तोही एकच फ्रेट. टू-फाइव्ह-वन (पट्टीतल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्डची ही ओळ) म्हणून जे सगळीकडे सांगितलं जातं, ते या दोन तारांवर पूर्ण ऐकू येतं. हे ऐकू आलं नसेल तर पुढच्या कॉर्ड शिकू नका. तेरावा, फ्लॅट नववा वगैरे दागिने नंतर चढतात.

"तीन तारांत कसलं जॅझ" असं म्हणणारे भेटतात. गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ साली काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये आला आणि १९८७ साली वारेपर्यंत तिथेच राहिला. इतक्या मोठ्या बँडमध्ये तो तीन किंवा त्याहून कमी स्वरांच्या कॉर्डवर गिटार वाजवत होता. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ च्या आगीत जवळजवळ निकामी झाली होती. बोटं कमी पडतात हे कारण मला पटत नाही ते यामुळे.

६. बदलताना कुठलं बोट उचलता?

शेल घेतल्यावरही अर्धा ठोका रिकामा जात असेल तर डाव्या हाताकडे बघा. बहुतेक जण प्रत्येक बदलाला सगळी बोटं तारांवरून उचलतात, हवेत नवा आकार जुळवतात आणि मग खाली टेकवतात. वेळ त्या हवेत जातो.

बोटं अशी ठेवून बघा. डी मायनर सेव्हनला पाचव्या तारेवर अनामिका, चौथीवर तर्जनी, तिसरीवर करंगळी. जी सेव्हनला सहावीवर मधलं बोट, चौथीवर अनामिका, तिसरीवर करंगळी. सी मेजर सेव्हनला पाचवीवर मधलं, चौथीवर तर्जनी आणि तिसरीवर पुन्हा करंगळी. म्हणजे करंगळी तिसरी तार सोडतच नाही. पाचव्या फ्रेटवरून चौथ्यावर घसरते आणि तिथेच राहते. बाकीची बोटं तिच्या आधाराने जागा शोधतात. जी सेव्हनमध्ये मधल्या बोटाचं टोक पाचव्या तारेला हलकं टेकू द्या, ती आपोआप गप्प बसते. सुरुवातीला करंगळी कुरकुर करेल, कारण गाणी वाजवताना तिला कधी कामच पडलेलं नसतं.

हे जमलं की दुसरा संच घ्या, एफच्या पट्टीतला:

जी मायनर सेव्हन: ३ × ३ ३ × ×
सी सेव्हन: × ३ २ ३ × ×
एफ मेजर सेव्हन: १ × २ २ × ×

पहिल्या संचात मूळ स्वर पाचव्या तारेवरून सुरू होतो, इथे सहाव्यावरून. हे दोन संच वरखाली सरकवले की बाराही पट्ट्यांतलं टू-फाइव्ह-वन हातात येतं. तिसरा संच लगेच शोधू नका.

७. ठोका

कॉर्ड स्वच्छ, बदल वेळेवर, तरीही जॅझ वाटत नाही? मग फोनवर रेकॉर्ड करून ऐका. वाजवत असताना हे कळत नाही, ऐकताना पाच सेकंदांत कळतं. आपला हात समेवर वजन टाकायला सरावलेला असतो. स्विंगमध्ये चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी उचलून धरलेली असते. मेट्रोनोम ५० वर लावा आणि त्याची टिकटिक दुसरी-चौथी मात्रा आहे असं धरून वाजवा. तुमची लय १०० पडेल. पहिल्यांदा टिकटिक पुन्हा पुन्हा एक-तीनवर जाऊन बसेल. बसली की थांबा, तोंडाने एक-दोन-तीन-चार म्हणा आणि टिकटिक दोनवर पकडून परत शिरा.

प्रत्येक मात्रेला एक खालचा फटका, बस्स. खाली-वर-खालीचं स्ट्रमिंग नको. फटका मारल्यावर डाव्या बोटांचा दाब सैल करा, पण तारांवरून उचलू नका. आवाज तिथेच तुटतो. दोन फटक्यांमधली ती छोटी शांतता नसेल तर एका कॉर्डचं शेपूट दुसरीत शिरतं आणि पुन्हा तीच गिचमिड. शिकणारे ही गोष्ट सगळ्यात उशिरा मनावर घेतात, आणि फरक मात्र हिनेच सगळ्यात जास्त पडतो.

८. फ्लॅट दिसले की

जॅझच्या कागदावर बी फ्लॅट आणि ई फ्लॅटचा सुळसुळाट असतो, कारण ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन ही बी फ्लॅटची वाद्यं आहेत. त्यांना सोयीची पट्टी ती गिटारवाल्यांना गैरसोयीची. स्वातंत्र्याच्या आधी-नंतर मुंबईच्या हॉटेलांतले जॅझ बँड चालवणारे बरेच वादक गोव्याचे होते. गावातल्या चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन गिरवलेलं असल्यामुळे फ्लॅट बघून ते दचकत नसत. पुढे त्यांच्यातल्या अनेकांनी हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातही वाजवलं, म्हणून या सातव्या कॉर्ड आपल्या कानाला वाटतात तेवढ्या परक्या नाहीत.

कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावायचा मोह टाळा. जॅझचं गाणं चालता चालता पट्टी बदलतं, कॅपो तिथे पोचत नाही. त्यापेक्षा बी फ्लॅटमधला बारा मात्राखंडांचा ब्लूज चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर वाजवून बघा:

बी फ्लॅट सेव्हन: चौथी तार ६, तिसरी ७
ई फ्लॅट सेव्हन: ५ आणि ६
एफ सेव्हन: ७ आणि ८

तोच आकार, एक फ्रेट मागे, एक फ्रेट पुढे. मूळ स्वर लावायचे तर बी फ्लॅटला सहाव्या तारेचा ६, ई फ्लॅटला पाचवीचा ६, एफला पाचवीचा ८. बास वाजवणारा सोबत असेल तर तेही नकोत.

९. आता गिटार

वरचं सगळं करूनही त्रास असेल तरच इथे या. आधी ठरवा, दोष कुठे आहे. सी मेजर सेव्हनचा आकार आहे तसा आठ फ्रेट पुढे सरकवा (× ११ १० १२ × ×, म्हणजे ए फ्लॅट मेजर सेव्हन) आणि दोन्हीकडे वाजवून ऐका.

नटजवळ बेसूर, पुढे ठीक: नटच्या खाचा उथळ असाव्यात. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. केसाएवढी हवी. जास्त असेल तर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर दाबताना तार ताणली जाते आणि सूर चढतो. वर दिलेला एफ मेजर सेव्हन आंबट लागतो तो यामुळे.

नटजवळ ठीक, पुढे बेसूर: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो भाग) मागे, नेकपासून दूर न्यायला हवं. इलेक्ट्रिकवर हे स्क्रूड्रायव्हरने घरी होतं: थोडं फिरवा, पुन्हा सुरात आणा, पुन्हा ताडा. अकूस्टिकवर सॅडल हलत नाही.

सगळीकडे जोर लागतो: बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची मोजा. इलेक्ट्रिकवर सुमारे २ मिमी आणि अकूस्टिकवर अडीचच्या आसपास सुखाची. अकूस्टिकवर साडेतीनच्या पुढे असेल तर हातांना दोष देऊ नका. पावसाळ्यात लाकूड फुगून ही उंची वाढते, म्हणून जुलैत मोजलेलं मार्चमध्ये पुन्हा मोजा.

इथे थांबा आणि माणूस गाठा

नटची खाच घरी घासू नका. जास्त घासली गेली की नवा नटच बसवावा लागतो. ट्रस रॉडचंही (नेकचा बाक बदलणाऱ्या आतल्या सळईचंही) तेच. पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवावासा वाटला, किंवा ॲलन की घट्ट अडकून पुढे जाईना, तर हात काढा. झिजलेले फ्रेट, उचललेला ब्रिज, अकूस्टिकची पोट फुगलेली बॉडी ही कामं दुरुस्तीवाल्याचीच.

मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखणं वाजवणं थांबवल्यावरही राहत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, बधिरपणा वाटत असेल, तर गिटार ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. "सरावाने जाईल" हा सल्ला बोटांच्या टोकांवरच्या घट्ट्यांपुरता ठीक आहे, नसांच्या दुखण्याला तो लागू नाही.

आणि रेकॉर्डिंग ऐकूनही काय बिनसलंय ते कळत नसेल, तर व्हिडिओ बघणं थांबवून एखाद्या वाजवणाऱ्या माणसासमोर तासभर बसा. कोर्स घ्यायची गरज नाही. फक्त टू-फाइव्ह-वन वाजवून दाखवा आणि तो कुठे थांबवतो ते बघा.

गिटार दुरुस्तीला देताना नुसतं "सेटअप करा" म्हणू नका. तुम्ही नेहमी ज्या जाडीच्या तारा लावता त्याच लावून द्या, कारण जाडी बदलली की नेकवरचा ताण बदलतो. बाराव्या फ्रेटवरचं माप आणि कुठल्या फ्रेटवर काय बेसूर लागतं ते कागदावर लिहून द्या. परत घेताना दुकानातच डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन वाजवा, मग तेच आकार सात-आठ फ्रेट पुढे सरकवून वाजवा, आणि मग पैसे द्या.